ध्वनिक्षेपकामागचा माणूस : लॉर्ड रीथ

आमच्या वसतिगृहात रात्रीच्या बातम्या सुरू झाल्या की पाच-दहा मिनिटांत दोन तट पडतात. सरकारी वाहिनीवरचा निवेदक एका तटाला सत्ताधाऱ्यांचा भाट वाटतो, तर दुसऱ्या तटाला तोच निवेदक विरोधकांना झुकते माप देतो असे वाटते. माणूस एकच, बातमी एकच, शब्दही तेच. पण ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचता पोहोचता त्यांचा रंग बदललेला असतो. एकदा हा वाद हातघाईवर येण्याच्या बेतात असताना इतिहासाचे आमचे एक प्राध्यापक तेथून जात होते. त्यांनी हसून सांगितले, की हे भांडण तुमच्या आजोबांच्याही आधीचे आहे. सवड काढून जॉन रीथ या माणसाचे चरित्र वाचा. त्यांच्या सूचनेतून जे वाचन झाले, त्यातूनच हा लेख सिद्ध झाला आहे.

जॉन रीथ म्हणजे बी.बी.सी. या जगप्रसिद्ध नभोवाणी-संस्थेचे पहिले महासंचालक. सार्वजनिक पैशावर चालणारी, पण सरकारचे खाते नसलेली नभोवाणी ही कल्पना आज आपल्याला परिचित आहे. या कल्पनेला प्रत्यक्ष संस्थेचे रूप देण्याचे श्रेय मुख्यतः त्यांचे. निःपक्षपातीपणा हा शब्द त्यांनी त्या संस्थेचा जणू कुलाचारच बनवला. आणि गंमत अशी, की पक्षपाताचा आरोप मात्र या गृहस्थांच्या मानगुटीवरून अखेरपर्यंत उतरला नाही. कामगारांनी तो केला, हुजूरपक्षीयांनी केला, वृत्तपत्रांनी केला, सामान्य श्रोत्यांनीही केला. त्यांतला कोणता आरोप खरा होता आणि कोणता नुसताच राग होता, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

रीथ यांचा जन्म 20 जुलै 1889 रोजी स्कॉटलंडमधील स्टोनहेवन या गावी झाला. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक. सात भावंडांत जॉन सर्वांत धाकटा. घरात देवाचे भय, कामाची शिस्त आणि रविवारचे कडक पालन या तीन गोष्टींना तडजोड नव्हती. मुलाची इच्छा विद्यापीठात जाण्याची होती. वडिलांनी त्याला ग्लासगोच्या आगगाडीची इंजिने बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारीला घातले. उच्च शिक्षण हुकल्याची ही खंत रीथ यांच्या मनात आयुष्यभर राहिली. पुढे सर्वसामान्य माणसाला घरबसल्या उत्तमातले उत्तम ऐकायला मिळाले पाहिजे, असा जो हट्ट त्यांनी धरला, त्याचे मूळ या खंतीत असावे असे वाटते.

अंगाने हा माणूस साडेसहा फूट उंच. त्यात 1915 च्या ऑक्टोबरात फ्रान्सच्या रणभूमीवर शत्रूच्या नेमबाजाची गोळी गालात घुसून गेली आणि चेहऱ्यावर कायमचा व्रण राहिला. त्या उंचीने, त्या व्रणाने आणि दाट भुवयांखालच्या नजरेने समोरचा माणूस अर्धा गारच होत असे. जखमी झाल्यावर त्यांना शस्त्रास्त्रांच्या कामावर देखरेख करण्यासाठी अमेरिकेला पाठवण्यात आले. युद्धानंतर स्कॉटलंडमधल्या एका कारखान्याचे व्यवस्थापक म्हणून काही काळ काढल्यावर 1922 साली ते पुन्हा नोकरीच्या शोधात लंडनमध्ये आले.

त्याच वर्षी रेडिओचे संच बनवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी काढली. तिला व्यवस्थापक हवा होता. वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून रीथ यांनी अर्ज लिहिला आणि आपल्या क्लबातल्या टपालपेटीत टाकला. मागाहून त्यांना कळले की ज्यांच्याकडे अर्ज जायचा ते सर विल्यम नोबल हे अ‍ॅबरडीनकडचे. लगेच त्यांनी ते पत्र परत मिळवले, आपल्या घराण्याचे अ‍ॅबरडीनशी असलेले नाते त्यात घातले आणि पुन्हा पेटीत टाकले! डिसेंबरात मुलाखत झाली, नेमणूकही झाली. रेडिओ-प्रक्षेपण म्हणजे नेमके काय, हे त्या वेळी आपल्याला ठाऊकच नव्हते, अशी कबुली त्यांनी पुढे आत्मचरित्रात दिली आहे. वशिल्याची फट शोधणारा हा उमेदवार पुढे निःपक्षपातीपणाचा आचार्य झाला, ही त्यांच्या चरित्रातली पहिली विसंगती.

काम मात्र त्यांनी झपाट्याने शिकून घेतले. दर घरामागे वर्षाला दहा शिलिंगांचा परवाना, जाहिरातींना मज्जाव, आणि देशभर एकच संस्था, अशी त्या नभोवाणीची घडण होती. 1924 साली त्यांनी ‘ब्रॉडकास्ट ओव्हर ब्रिटन’ हे पुस्तक लिहून आपली भूमिका मांडली. लोकांना जे हवे ते देणे सोपे. पण लोकांना जे लाभणे शक्य आहे असे त्यांना कधी वाटलेच नाही, ते त्यांच्यापुढे ठेवणे हे नभोवाणीचे काम, असे त्यांचे म्हणणे होते. 1926 पर्यंत परवानाधारकांची संख्या 20 लाखांवर गेली. आणि त्याच वर्षी मे महिन्यात कसोटीचा प्रसंग येऊन ठाकला.

कोळशाच्या खाणमालकांनी मजुरी कमी करून कामाचे तास वाढवण्याचा घाट घातला होता. खाणकामगारांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी कामगार संघटनांच्या मध्यवर्ती मंडळाने सार्वत्रिक संप पुकारला. 3 मेच्या मध्यरात्रीपासून आगगाड्या, ट्रॅम, गोद्या आणि छापखाने बंद पडले. छापखाने बंद म्हणजे वर्तमानपत्रे बंद. सरकारने चर्चिल यांच्या देखरेखीखाली स्वतःचे एक पत्र काढले, कामगारांनी त्याला उत्तर म्हणून आपले पत्र काढले. पण घरोघरी पोहोचणारे साधन एकच उरले होते, ते म्हणजे नभोवाणी. तोपर्यंत वृत्तपत्रांचा धंदा बुडू नये म्हणून संध्याकाळी सात वाजण्यापूर्वी बातम्या द्यायला बी.बी.सी.ला बंदी होती. आता सकाळपासून रात्रीपर्यंत दिवसातून पाच वेळा बातम्या जाऊ लागल्या. ज्यांच्या घरी संच नव्हता ते शेजाऱ्याच्या किंवा दुकानाच्या दारात उभे राहून ऐकू लागले.

परवान्यातील अटींनुसार संकटकाळी नभोवाणी ताब्यात घेण्याचा अधिकार सरकारला होता. चर्चिल त्या वेळी अर्थमंत्री होते. ती ताबडतोब ताब्यात घ्यावी आणि सरकारच्या बाजूने वाजवावी, असा त्यांचा आग्रह होता. रीथ यांचा याला ठाम विरोध. लोकांचा विश्वास एकदा उडाला की तो पुन्हा बसत नाही, आणि सरकारी ढोल झालेल्या नभोवाणीवर सरकारच्या हिताचीही बातमी कोणी खरी मानणार नाही, हे त्यांनी पंतप्रधान बाल्डविन यांच्या माणसांना पटवून दिले. अखेर 11 मे रोजी मंत्रिमंडळाने ताबा न घेण्याचे ठरवले. येथवरची कथा बी.बी.सी.च्या गौरवग्रंथात शोभण्यासारखी आहे.

परंतु तिला दुसरी बाजू आहे. बातम्यांमध्ये कामगार मंडळाची निवेदने वाचली जात होती, हे खरे. त्यामुळे सरकारातील काही मंडळींचा तिळपापडही झाला. पण ध्वनिक्षेपकासमोर प्रत्यक्ष बसून बोलायला कोण मिळाले? पंतप्रधान बाल्डविन 8 मे रोजी रीथ यांच्या घरातूनच राष्ट्राला उद्देशून बोलले. मजूर पक्षाचे नेते रॅमसे मॅकडोनाल्ड यांनीही बोलण्याची परवानगी मागितली. त्यांना ती द्यावी असे रीथ यांचे मत होते; त्यांनी भाषणाचा मसुदा तशा शिफारशीसह सरकारकडे पाठवला; वरून नकार आला आणि मॅकडोनाल्ड यांना नाही म्हणण्याचे काम रीथ यांच्या वाट्याला आले. कँटरबरीचे आर्चबिशप रँडल डेव्हिडसन यांनी सरकार, मालक आणि कामगार या तिघांनीही एकेक पाऊल मागे घेऊन पुन्हा वाटाघाटी सुरू कराव्यात, असे आवाहन तयार केले होते. धर्मगुरूंचे हे सलोख्याचे शब्दसुद्धा ऐन वेळी अडवण्यात आले. ते नभोवाणीवर आले तेव्हा संप संपत आला होता.

रीथ यांची त्यामागची विचारसरणी अशी होती : नभोवाणी लोकांची आहे, सरकारही लोकांच्या वतीने काम करते आहे, म्हणून या संकटात नभोवाणीने सरकारच्या बाजूनेच असले पाहिजे. तर्कशास्त्राच्या वर्गात हा युक्तिवाद फळ्यावर मांडला तर त्यातली फट पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्यालाही दिसेल. खाणीत उतरणारे लाखो कामगार, त्यांच्या बायकामुली, त्यांना साथ देणारे रेल्वे कामगार हे सारे लोकांत मोडत नव्हते काय? रीथ यांनी आपल्या रोजनिशीत तर याहून स्पष्ट नोंद केली आहे. ताबा घेण्याची सरकारला गरजच नव्हती, कारण आपण खरोखरीचे तटस्थ राहणार नाही याची सरकारला खात्री होती, अशा आशयाची ती नोंद आहे. रोजनिशीतील निवडक भाग 1975 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा रीथ यांच्या मृत्यूला चार वर्षे होऊन गेली होती.

12 मे रोजी संप मागे घेतला गेला आणि ती बातमी रीथ यांनी स्वतः वाचून दाखवली. खाणकामगार मात्र त्यानंतरही कित्येक महिने एकटे झुंजत राहिले आणि शेवटी हरले. संप संपताच श्रोत्यांची पत्रे येऊ लागली. बहुतेक पत्रे कौतुकाची होती. पण पार्लमेंटच्या मजूरपक्षीय सभासद एलेन विल्किन्सन यांचे जे पत्र बी.बी.सी.च्याच ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकात छापले गेले, ते वेगळे होते. संपाच्या दिवसांत त्या देशभर दौऱ्यावर होत्या. ठिकठिकाणी केंद्र लावून पाहावे तर एकाच बाजूचे ऐकू येई, आणि ज्यांची बाजू ऐकूच येत नव्हती त्या कामगारांच्या मनात केवढी चीड साठत होती, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. या एका पत्राला कौतुकाच्या ढिगाशी तोलून पाहिले तर ते हलके भरेल. पण रोजनिशी वाचल्यावर कळते की या बाईंचेच म्हणणे खरे होते. तक्रारीचे खरेखोटेपण पत्रांच्या गठ्ठ्यांचे वजन करून ठरत नाही, हा या प्रसंगाचा पहिला धडा.

1 जानेवारी 1927 पासून कंपनीचे महामंडळ झाले. राजसनद मिळाली, रीथ यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. पण वादग्रस्त विषयांवर बोलायला बंदी होती, ती 1928 च्या मार्चमध्ये उठली. त्यानंतर भाषण विभागाच्या प्रमुख हिल्डा मॅथेसन यांनी या संधीचे सोने केले. एच. जी. वेल्स, व्हर्जिनिया वूल्फ यांच्यासारखे लेखक त्यांनी ध्वनिक्षेपकासमोर आणले. व्यासपीठावरची भाषणबाजी नको, समोरच्या खुर्चीत बसलेल्या एका माणसाशी बोलावे तसे बोला, ही रीत त्यांनी वक्त्यांना लावून दिली. आजचा प्रत्येक निवेदक नकळत त्यांचाच शिष्य आहे. पण थोड्याच दिवसांत उजव्या वळणाच्या वृत्तपत्रांनी ओरड सुरू केली, की हा विभाग डाव्या विचारांनी बुजबुजला आहे. रीथ यांनाही या नव्या साहित्याचा आणि नव्या विचारांचा तिटकाराच होता. हॅरॉल्ड निकोल्सन यांच्या भाषणमालेत जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’चा उल्लेख करण्यावरून खटका उडाला आणि 1931 च्या अखेरीस मॅथेसन यांनी राजीनामा दिला. संपाच्या वेळी कामगारांच्या तक्रारीने काहीच हलले नव्हते; या वेळच्या तक्रारीने एक कर्तबगार बाई घरी गेली. तक्रार कोणाकडून येते यावर तिचे फळ अवलंबून असते, हा दुसरा धडा.

यापेक्षाही बोलका प्रसंग व्हर्नन बार्टलेट यांचा. परराष्ट्रीय घडामोडींवर नियमित बोलणारे हे निवेदक श्रोत्यांचे फार आवडते होते. 14 ऑक्टोबर 1933 रोजी हिटलरच्या जर्मनीने निःशस्त्रीकरण परिषदेतून आणि राष्ट्रसंघातून अंग काढून घेतले. त्याच रात्री बार्टलेट यांनी जर्मनीने असे का केले असावे, याचा उलगडा करणारे भाषण दिले. झाले! जर्मनीची वकिली केली म्हणून गहजब उडाला. आता पंतप्रधानपदी असलेले मॅकडोनाल्ड, ज्यांना सात वर्षांपूर्वी स्वतः बोलू दिले नव्हते तेच, संतापून रीथ यांच्याकडे तक्रार करते झाले. श्रोत्यांची पत्रे मात्र फार मोठ्या संख्येने बार्टलेट यांच्या बाजूची होती. तरी नभोवाणीवरची त्यांची नियमित जागा गेली आणि ते एका वृत्तपत्रात रुजू झाले. पुढे 1938 च्या नोव्हेंबरात हिटलरपुढे नमते घेण्याच्या सरकारी धोरणाला विरोध करून याच बार्टलेट यांनी ब्रिजवॉटरची पोटनिवडणूक जिंकली! एखाद्याचे वागणे समजावून सांगणे म्हणजे त्याची तरफदारी करणे नव्हे. पण कान तापलेला असला की हा भेद ऐकू येत नाही.

येथे आपल्या देशाशी संबंध असलेला एक प्रसंग सांगितला पाहिजे. 1930 च्या सुमारास हिंदुस्थानला स्वराज्याचे हक्क द्यावेत की नाही, यावर इंग्लंडात रण माजले होते. चर्चिल यांचा अशा सवलतींना कडवा विरोध. नभोवाणीवरून या विषयावर बोलायला मिळावे म्हणून त्यांनी खटपट केली. रीथ यांनी भारतमंत्र्यांचे मत घेतले आणि नकार दिला. आपले तोंड दाबले जात आहे, अशी चर्चिल यांची तक्रार वर्षानुवर्षे चालू राहिली. हिंदुस्थानच्या प्रश्नावर त्यांना बोलायला मिळाले ते 1935 च्या जानेवारीत, जेव्हा त्या वर्षीच्या कायद्याची दिशा जवळजवळ ठरून गेली होती.

हे वाचताना मला प्रथम आनंद झाला हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. ज्या माणसाने आमच्या स्वातंत्र्याला जन्मभर विरोध केला, त्याचे तोंड चार-पाच वर्षे बंद राहिले, बरे झाले, असे वाटले. आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात आले, की दोन परिच्छेद मागे मॅकडोनाल्ड यांना बोलू दिले नाही म्हणून मी रीथ यांच्यावर रागावलो होतो. कारभार तोच होता : बोलू इच्छिणारा एक पुढारी, मंत्र्याचा सल्ला आणि शेवटी नकार. पहिल्या वेळी मला तो पक्षपात दिसला, दुसऱ्या वेळी न्याय वाटला. रीथ बदलले नव्हते. बाजू बदलली होती, आणि ती माझी होती. 1926 साली नभोवाणी सरकारने गिळावी म्हणणाऱ्या चर्चिल यांना 1930 नंतर तीच नभोवाणी सरकारधार्जिणी वाटू लागली, म्हणून त्यांना हसण्याचा अधिकार मग मला उरला नाही.

श्रोत्यांच्या तक्रारी राजकारणापुरत्याच नव्हत्या. निवेदकांची नावे सांगायची नाहीत, सर्वांनी एकाच घडणीचे सुसंस्कृत इंग्रजी बोलायचे, संध्याकाळी तर खास पोशाख करूनच ध्वनिक्षेपकासमोर बसायचे, असा रीथ यांचा दंडक होता. व्यक्ती दिसू नये, संस्था बोलावी, म्हणजे पक्षपाताला जागा राहणार नाही, असा त्यामागचा हेतू. पण कोळशाच्या खाणीतल्या किंवा गिरणीतल्या माणसाला तो आवाज साहेबाचाच वाटे. आवाजातून व्यक्ती काढून टाकली तरी वर्ग राहतोच. रविवारचाही तसाच हट्ट : त्या दिवशी धार्मिक आणि गंभीर कार्यक्रमांखेरीज काही नाही. कंटाळलेल्या श्रोत्यांनी त्याविरुद्ध पत्रे लिहिली आणि पत्रांचा उपयोग होत नाही म्हटल्यावर संचाची कळ फिरवून रेडिओ नॉर्मंडी आणि रेडिओ लक्झेंबर्ग गाठले. आपल्याकडे 1952 नंतर नभोवाणीमंत्री डॉ. बा. वि. केसकर या मराठी माणसाने अभिजात संगीताच्या प्रेमापोटी चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळजवळ दार बंद केले, तेव्हा देश रेडिओ सिलोनकडे वळला. ही कथा आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकलेली आहे. दोघांचाही हेतू शुद्ध होता. श्रोत्याने न बोलता केलेली ती तक्रार होती.

रीथ यांचे आपल्यावर आणखी एक ऋण आहे. मुंबईत 1927 च्या जुलैत खाजगी कंपनीचे नभोवाणी केंद्र सुरू झाले होते, पण तीन वर्षांत कंपनीचे दिवाळे वाजले. पुढे हिंदुस्थान सरकारने अनुभवी माणूस मागितला, तेव्हा 1935 साली रीथ यांनी मॅथेसन यांच्या भाषण विभागात तयार झालेले लायोनेल फील्डन यांना पाठवले. 1936 साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. मात्र सरकारपासून अलग असे महामंडळ येथे झाले नाही. नभोवाणी हे सरकारचे खाते झाले आणि स्वातंत्र्यानंतरही खातेच राहिले. 1975 ते 1977 या आणीबाणीच्या काळात त्याची किंमत देशाने मोजली. खरी बातमी ऐकण्यासाठी माणसे रात्री बी.बी.सी. लावून बसत. 1978 साली वर्गीस समितीने स्वायत्ततेची शिफारस केली, 1990 साली प्रसारभारतीचा कायदा झाला, आणि तो अमलात यायला 1997 उजाडले.

रीथ यांनी 1938 साली बी.बी.सी. सोडली. परवाने तोवर 80 लाखांच्या पुढे गेले होते. त्यानंतरचे आयुष्य मात्र एका मोठ्या निराशेचे आहे. ते थोडे दिवस विमानकंपनीत होते, महायुद्धात मंत्री झाले, लॉर्ड झाले. पण पंतप्रधानपदी आलेल्या चर्चिल यांनी 1942 साली त्यांना मंत्रिपदावरून दूर केले. संपाच्या वेळचे वैर दोघेही विसरले नव्हते. आपल्या योग्यतेचे काम आपल्याला कोणी दिले नाही, हे शल्य त्यांनी रोजनिशीत पानोपानी गिरवले. त्याच रोजनिशीतून त्यांचे काही काळे कोपरेही उघडे पडले : 1930 नंतरच्या दशकात हिटलरच्या राजवटीबद्दल त्यांना वाटलेले कौतुक, आणि हाताखालच्या माणसांशी, घरच्यांशी वागण्यातला कठोरपणा. त्यांच्याच काळात बी.बी.सी.तल्या नेमणुकांसाठी गुप्तचर खात्याकडून उमेदवारांची छाननी सुरू झाली होती, हे 1985 साली वृत्तपत्रातून बाहेर आले. डावा म्हणून ज्याच्यावर खूण होई, त्याला आपण का वगळले गेलो हे कधीच कळत नसे. तटस्थतेचा आव आणणाऱ्या इमारतीच्या तळघरात हाही एक कप्पा होता.

आणि तरीही या माणसाला नुसता ढोंगी म्हणून निकालात काढावे असे वाटत नाही. 1926 साली त्यांच्या जागी एखादा मऊ माणूस असता, तर नभोवाणी त्याच आठवड्यात चर्चिल यांच्या मुठीत गेली असती आणि ती पुन्हा सुटली असती की नाही, सांगता येत नाही. संस्था वाचवण्यासाठी त्यांनी त्या नऊ दिवसांत सत्य थोडे वाकवले. पुढच्या पिढ्यांना सरकारला प्रश्न विचारणारी संस्था मिळाली ती या वाकवण्यामुळे की ते असूनही, यावर इंग्लंडात अजून वाद चालतो. ज्यांनी त्या वाकवण्याची किंमत दिली ते खाणकामगार मात्र या वादात बोलायला आता हयात नाहीत.

ज्याला विद्यापीठाची पायरी चढता आली नव्हती, त्या रीथ यांना 1965 साली ग्लासगो विद्यापीठाने रेक्टर केले. 16 जून 1971 रोजी एडिंबरा येथे त्यांचे निधन झाले. 1948 पासून त्यांच्या नावाने बी.बी.सी.वर व्याख्यानमाला चालते आणि तिचे पहिले वक्ते होते बर्ट्रांड रसेल, म्हणजे रीथ यांच्या घरच्या धर्मश्रद्धेला उघड नाकारणारा तत्त्वज्ञ! आपल्या नावाच्या व्यासपीठावर आपल्या विरुद्ध मताचा माणूस बसावा, यापेक्षा त्या तत्त्वाचा मोठा सन्मान कोणता?

वसतिगृहातला आमचा वाद या चरित्रामुळे मिटला आहे असे नाही. निवेदकाच्या भुवईवरून आणि आवाजावरून त्याचा पक्ष ओळखण्याचा खेळ चालूच आहे. पण परवा एका मित्राने मध्येच विचारले, की आज या विषयावर कोणाला बोलवायला हवे होते आणि बोलावले नाही? मग कागद घेऊन आम्ही यादी केली. पहिली तीन नावे प्रत्येकाने आपापल्या बाजूची सुचवली. चौथे नाव सुचवायला मात्र बराच वेळ लागला. कारण ते आपल्याला न आवडणाऱ्या माणसाचे असले पाहिजे, अशी अट आम्ही घातली होती.